‘पूर्वीसारखं वाजवा’ म्हणणाऱ्यांना

माझ्याकडे अजून एक नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. आतेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, १९९० च्या पावसाळ्यात मला ती भरून दिली. खोक्यावर निळ्या बॉलपेनने त्याचं बारीक अक्षर: द क्युअर, डिसइंटिग्रेशन. कोणाच्या तरी सीडीवरून उतरवलेला तो अल्बम बहात्तर मिनिटांचा आणि कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. त्यामुळे ‘द सेम डीप वॉटर अ‍ॅज यू’ हे नऊ मिनिटांचं गाणं ऐन मध्यावर तुटायचं. मागे पावसाचा आवाज, क्युअर या इंग्लिश रॉक बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ याचा रडवेला सूर, आणि खट्. दादाने दुसऱ्या बाजूला ते गाणं पुन्हा पहिल्यापासून भरलं होतं. तरी चौदा मिनिटं उरत होती, तिथे त्याने १९८२ च्या ‘पोर्नोग्राफी’मधली दोन गाणी बसवली होती: अल्बमचं पहिलं आणि अल्बमचं शेवटचं. त्या दोन गाण्यांनी मला रात्र रात्र जागं ठेवलं आहे.

हे सांगतो आहे, कारण १ नोव्हेंबर २०२४ ला क्युअरचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ आला आणि त्यावरून माझं आणि दादाचं आजतागायत पटलेलं नाही. सोळा वर्षांनी आलेला हा अल्बम इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेला. १९९२ च्या ‘विश’नंतर प्रथमच. दादाचं म्हणणं ठाम आहे: “ब्याऐंशीपर्यंतचे खरे. एकोणनव्वदला एकदा परत आले. बाकी सगळं बाजारासाठी.” त्याच्यासारखं बोलणारे जगभर आहेत. प्रश्न एका इंग्लिश बँडपुरता असता तर मी सोडून दिलं असतं. पण आपण ज्यांना मनापासून ऐकतो त्यांच्याकडून आपण काय मागायचं, किती मागायचं, हा प्रश्न आहे आणि तो प्रत्येक मैफलीत, प्रत्येक फर्माइशीत येतो. नाट्यगीताच्या कार्यक्रमात मागच्या रांगेतून येणारी ‘तेच म्हणा, तसंच म्हणा’ ही हाक आणि दादाची तक्रार यांत मला फारसा फरक दिसत नाही.

दादा ज्याला ‘खरे’ म्हणतो ते मुळात फार थोडा काळ टिकलं. दक्षिण इंग्लंडात, ससेक्समधल्या क्रॉली या गावात ही पोरं शाळेत एकत्र आली. स्मिथचा जन्म १९५९ चा. पहिला अल्बम ‘थ्री इमॅजिनरी बॉइज’ मे १९७९ चा, म्हणजे तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा. त्यावर गॉथिक, म्हणजे काळोखं आणि खिन्न, म्हणावं असं जवळजवळ काही नाही. कोरडी, किरकिरी गिटार, हाताच्या अंतरावर ऐकू येणारे ड्रम. एका गाण्यात शनिवारची रात्र, सव्वादहा वाजलेले, स्वयंपाकघरातला दिवा, टपटपणारा नळ, आणि फोन येईल म्हणून ताटकळणारा मुलगा. बस्स. मुखपृष्ठावर तीन माणसांऐवजी दिव्याचा स्टँड, फ्रिज आणि व्हॅक्युम क्लीनर. ते स्मिथला अजिबात आवडलं नव्हतं, गाण्यांची निवडही त्याच्या हातात नव्हती. पुढच्या वेळी सगळं आपल्या ताब्यात ठेवायचं हे त्याने तिथे ठरवलं आणि दादाचा लाडका ‘खरा’ काळ त्यातून जन्मला. म्हणजे सुरुवातच एका बदलाने झाली. १९८० मध्ये कोणी ‘पूर्वीसारखं वाजवा’ म्हणालं असतं आणि स्मिथने ऐकलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मग तीन वर्षांत तीन अल्बम आले: एप्रिल १९८० मध्ये ‘सेव्हन्टीन सेकंड्स’, एप्रिल १९८१ मध्ये ‘फेथ’, मे १९८२ मध्ये ‘पोर्नोग्राफी’. सायमन गॅलप बेस गिटारवर आला आणि सगळी चाल खाली उतरली. एरवी रॉकमध्ये बेस जमिनीसारखा असतो, त्यावर गिटार नाचते. इथे उलटं झालं. ओळखीची धून बेस वाजवतो, गिटार तिच्याभोवती धुक्यासारखी फिरते, आणि ड्रमचा ठेका घड्याळाइतका साधा. ‘अ फॉरेस्ट’ ऐका. माणूस जंगलात एका मुलीच्या हाकेमागे धावतो आणि शेवटी कळतं की तिथे कोणी नव्हतंच. शब्द इतके थोडे की पोस्टकार्डावर मावतील. ‘फेथ’पर्यंत तो ठेका आणखी मंद झाला, मुखपृष्ठावर धुक्यात हरवलेला बोल्टनचा मठ आला, शब्दांत देव आणि प्रेतयात्रा आल्या. ‘पोर्नोग्राफी’त तर पहिल्याच गाण्याचं पहिलं वाक्य असं आहे की आपण सगळे मेलो तरी काय फरक पडतो. बावीस वर्षांच्या मुलाने लिहिलेलं वाक्य आहे ते.

सोळाव्या वर्षी मला ते जगातलं सर्वांत खरं वाक्य वाटलं होतं. आज पन्नाशीत ते ऐकताना पोटात कालवतं, पण वेगळ्या कारणाने. कोणीतरी या मुलाला घरी नेऊन जेवू घालायला हवं होतं, असं वाटतं. त्या वर्षी बँडमध्ये दारू आणि नशा बेसुमार होती. दौऱ्यात स्ट्रासबुर्ग इथे स्मिथ आणि गॅलप यांची हाणामारी झाली, दौरा जूनमध्ये संपला आणि गॅलप बाहेर पडला. लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब त्याच जुलैत उघडला. काळे कपडे, पांढरा चेहरा, विस्कटलेले केस, हे सगळं ‘गॉथ’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं ते त्याच सुमारास. बाहेर लोक एका रूपाभोवती गोळा होत होते आणि ज्यांच्यामुळे ते रूप घडलं त्यांच्यातला एक बँड आत मोडून पडला होता. स्मिथ पुढे आयुष्यभर ‘आम्ही गॉथ नाही’ म्हणत राहिला. त्याचं ते म्हणणं मी पूर्वी नखरा समजायचो. आता समजत नाही.

आता त्या चौदा मिनिटांतल्या दुसऱ्या गाण्याकडे येतो, कारण दादाने स्वतःच ते माझ्या कॅसेटच्या शेवटी ठेवलं आणि त्यात त्याच्या तक्रारीचं उत्तर आहे. ‘पोर्नोग्राफी’च्या शीर्षकगीतात कुजबुज, टीव्हीवरच्या बोलण्याचे उलटसुलट तुकडे, ढोलासारखे ड्रम यांचा गदारोळ माजतो. आणि अगदी शेवटी गायक म्हणतो की या आजाराशी मला लढलंच पाहिजे, उपाय शोधलाच पाहिजे. ‘उपाय’ला त्याने वापरलेला शब्द म्हणजे बँडचं नावच. क्युअर. त्यांच्या सगळ्यांत काळ्या अल्बमचा शेवट बाहेर पडण्याच्या निश्चयाने होतो. सहा महिन्यांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, ‘लेट्स गो टू बेड’ हे उडतं, सिंथवरचं, थोडं वात्रट गाणं आलं. रेकॉर्ड कंपनीच्या क्रिस पॅरीने त्याला तसं काहीतरी करून बघ म्हणून ढकललं हे खरं. पण लोक त्यालाच ‘विकले गेले’ म्हणू लागले आणि आजही म्हणतात. मला ते गाणं आधीच्या अल्बमच्या शेवटच्या ओळीचं पालन वाटतं. उपाय शोधीन म्हणाला होता. त्याने शोधला.

पुढच्या वर्षी ‘द लव्हकॅट्स’. मोठा उभा बेस, पियानो, जाझसारखी लचक, आणि इंग्लंडात पहिल्या दहात. १९८५ च्या ‘द हेड ऑन द डोअर’मध्ये गॅलप परतला, १९८७ च्या दुहेरी अल्बममध्ये तर काय नाही! लॉल टॉलहर्स्ट, जो सुरुवातीपासून ड्रमवर होता, तो या काळात कीबोर्डकडे गेला आणि दारूत बुडत गेला.

दादा या सात वर्षांना ‘मधली सुटी’ म्हणतो. मी म्हणतो, ही सुटी झाली नसती तर ‘डिसइंटिग्रेशन’ झालाच नसता. मे १९८९ चा तो अल्बम अंधाराचा आहे, पण ‘पोर्नोग्राफी’च्या अंधाराचा नाही. ‘पोर्नोग्राफी’त श्वास घ्यायला जागा नाही. ‘डिसइंटिग्रेशन’ची पहिली काही सेकंदं नुसते झुळकीत हलणारे घंटानाद आहेत, आणि मग कीबोर्डची लाट येते, इतकी मोठी की खोली पुरत नाही. अल्बमच्या आतल्या पानावर छापलं होतं की हे संगीत मोठ्याने ऐकण्यासाठी केलंय, आवाज वाढवा. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते शक्य नव्हतं, म्हणून मी कान स्पीकरच्या जाळीला लावायचो. ‘पिक्चर्स ऑफ यू’मध्ये सहा तारांच्या बेसची धून जवळजवळ दोन मिनिटं चालते आणि मग शब्द येतात. आपल्याकडे आलाप ऐकून वाढलेल्या कानाला ही उशिराची सुरुवात लगेच कळते. घाई नाही, आधी जागा तयार होऊ दे. ही मोकळीक, ही चालीची गोडी पॉप गाणी करता करता हाताला लागलेली आहे. १९८२ च्या स्मिथला असं गाणं बांधताच आलं नसतं.

शब्दही बदलले होते. तो तिशीला टेकला होता, १९८८ च्या ऑगस्टमध्ये शाळेपासूनच्या मैत्रिणीशी त्याचं लग्न झालं होतं. त्याच अल्बमवर ‘लव्हसाँग’ आहे, बायकोला लग्नात दिलेलं, साडेतीन मिनिटांचं, शाळकरी मुलालाही समजेल इतक्या साध्या शब्दांतलं. अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं. काळ्या कपड्यातल्या पोरांना ते खुपलं. पण ते काढून टाका आणि अल्बम ऐका. बाकीच्या गाण्यांत काय गमवायची भीती आहे तेच कळत नाही. ‘पोर्नोग्राफी’तल्या माणसाकडे गमवायला काही नव्हतं, म्हणून तो सगळे मेले तरी चालतील म्हणू शकला. इथल्या माणसाकडे कोणीतरी आहे.

दादाचा सर्वांत जोरदार मुद्दा मात्र मला बराच काळ निरुत्तर करत होता. मी एकदा म्हणालो, तरुणपणी मरण ही त्यांची कल्पना होती, म्हातारपणी ते खरं झालं. तो उसळला. “फेथच्या वेळी टॉलहर्स्टची आई आजारी होती. दौऱ्यावर असताना वारली. ते मरण खोटं होतं का?” नव्हतं. माझं वाक्य आळशी होतं, मी ते मागे घेतलं. पण त्यानंतर ‘फेथ’ पुन्हा ऐकला आणि एक गोष्ट दिसली. त्या गाण्यांत कोणाची आई नाही. चर्च आहे, फुलं आहेत, पांढरे चेहरे आहेत, पाणी आहे. दुःख खरं होतं, पण एकविसाव्या वर्षी त्याला नाव घेऊन हाक मारण्याचं धाडस नव्हतं, किंवा भाषा नव्हती. म्हणून ते चित्रांत शिरलं. ती चित्रं सुंदर आहेत आणि लाखो मुलांनी त्यांत आपापली दुःखं ठेवली, मीही ठेवली.

आता २०२४ मधलं ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ त्याच्याशेजारी ठेवून पाहा. सुरुवातीला विजांचा गडगडाट, पियानोचे मोजके स्वर, तेच तेच परत येणारे. नोव्हेंबरची रात्र. आणि शब्द सरळ सांगतात की माझ्या भावाचा जीव न्यायला काहीतरी आलंय. भाऊ. स्मिथचा थोरला भाऊ रिचर्ड, ज्याच्यामुळे त्याला लहानपणी संगीताची ओढ लागली, तो गेला त्यावरचं गाणं आहे हे. धुकं नाही, मठ नाही. हे गाणं त्याने आधी श्रोत्यांपुढे गायलं, २०२२ च्या दौऱ्यात, अल्बम येण्याच्या दोन वर्षं आधी. चाळीस वर्षांपूर्वीचीच संथ लय, तोच थरथरता आवाज, गॅलपचा तोच जाड बेस. बदललेत ते शब्द आणि त्यांच्यामागचा माणूस.

म्हणून मला वाटतं, या बँडकडे ‘काळे राहिले की उजळ झाले’ या फुटपट्टीने पाहणंच चूक आहे. त्या त्या वयाला जे खरं होतं ते गायलं का, एवढंच विचारावं. या कसोटीवर सगळं पास होत नाही आणि ते मी मान्य करतो. १९९६ चा ‘वाइल्ड मूड स्विंग्ज’ मला आजही पूर्ण ऐकवत नाही, कारण त्यातला आनंद जुन्या आनंदाची नक्कल आहे. २००४ च्या अल्बममध्ये पंचेचाळिशीचा माणूस पंचविशीच्या संतापाने ओरडतो आणि ओरडणं कानाला लागतं, आत जात नाही. हे दोन्ही फसले ते बदलल्यामुळे नव्हे. ‘क्युअर कसे वाजतात’ हे आठवून ते वाजवले गेले. उलट २००० च्या ‘ब्लडफ्लॉवर्स’मध्ये ‘थर्टीनाइन’ नावाचं गाणं आहे, त्यात एकोणचाळीस वर्षांचा गायक कबूल करतो की आतली आग विझत आलीय, जाळायला काही उरलेलं नाही. फार मोठं गाणं नाही ते. पण त्यातली कबुली माझ्या मनातून जात नाही.

शब्द बदलण्याची आणखी एक पद्धत असते, जगामुळे बदलण्याची, आणि तीही या बँडने भोगली. त्यांचं पहिलंच गाणं, १९७८ च्या अखेरचं, फ्रेंच लेखक कामूच्या ‘द स्ट्रेंजर’ या कादंबरीतल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या खुनावर बेतलेलं होतं आणि त्याच्या नावात अरबाला मारण्याचा उल्लेख होता. कादंबरी न वाचलेल्यांनी ते द्वेषाचं गाणं म्हणून उचललं. अमेरिकेतल्या अरब नागरिकांच्या संघटनेच्या आक्षेपानंतर, ते गाणं असलेल्या १९८६ च्या संग्रहावर खुलाशाची चिठ्ठी चिकटवावी लागली. नंतरच्या काळात स्मिथने मैफलीत ते शब्दच बदलून गायले. काही चाहत्यांना ही माघार वाटली. मला वाटते ती जबाबदारी. कोवळ्या वयात वाचलेल्या पुस्तकाच्या भरात लिहिलेली ओळ चाळीस-पंचेचाळीस वर्षं जशीच्या तशी गात राहायची, बाहेर तिचा काय अर्थ होतोय याकडे न पाहता, याला निष्ठा का म्हणायचं?

आणि ‘बाजारासाठी’ हा शब्द. २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात काही तिकिटं वीस डॉलरांना ठेवली होती आणि त्यावर लावलेला अधिभार तिकिटाहून जास्त झाला. स्मिथ जाहीरपणे भांडला आणि तिकीट विकणाऱ्या कंपनीला स्वस्त तिकिटांवर दहा, बाकीच्यांवर पाच डॉलर परत द्यावे लागले. रक्कम मोठी नाही. पण जो स्वतःला विकून बसलाय तो पाच डॉलरांसाठी श्रोत्यांच्या बाजूने भांडायला का जाईल?

कधीच न बदलणारा बँड हवा असेल तर तोही आहे. जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस मे १९८० मध्ये, तेविसाव्या वर्षी, आयुष्य संपवून गेला. ते दोन अल्बम आता कायमचे तसेच राहतील. त्यांच्यावर कोणी ‘विकले गेले’ म्हणत नाही. त्यांच्यातले उरलेले तिघे मात्र ‘न्यू ऑर्डर’ नावाचा नवा बँड झाले, नाचायची गाणी करू लागले, आणि त्यांना तेच ऐकावं लागलं. जगलेल्यांना ऐकावंच लागतं. लीड्सच्या सिस्टर्स ऑफ मर्सी या बँडचा तिसरा आणि शेवटचा स्टुडिओ अल्बम १९९० चा. ते अजून दौरे करतात, मैफलीत नवी गाणीही वाजवतात, पण अल्बम नाही. त्यांचं त्यांना माहीत, पण त्यांचे चाहते चौतीस वर्षांहून जास्त काळ त्याच तीन अल्बमांपाशी बसून आहेत हे मला सुखाचं वाटत नाही. दादाला जे हवंय त्याचं टोक तिथे जातं, आणि कर्टिसपाशी जातं. हे त्याला मी बोललो तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

या दिवाळीत तो घरी आला होता. मी त्याला ‘एंडसाँग’ लावून दिलं, अल्बमचं शेवटचं, दहा मिनिटांचं. पहिली सहा मिनिटं नुसते ड्रम, कीबोर्ड आणि गिटारचा गहिवर. तो मध्ये एकदा म्हणाला, “गातोय कधी?” मग आवाज आला. एक माणूस बाहेर अंधारात उभा आहे, लालभडक चंद्राकडे बघतोय, आणि त्या मुलाचं काय झालं, त्या मुलाच्या जगाचं काय झालं, असं स्वतःला विचारतोय. पहिल्या अल्बमच्या नावात तीन काल्पनिक मुलं होती. पंचेचाळीस वर्षांनी त्यांतला एक मुलगा शोधत उभा आहे.

गाणं संपलं. दादा म्हणाला, “पोर्नोग्राफीची सर नाही.” मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, ती कॅसेट अजून आहे का? मी कपाटातून काढून दिली. त्याने खोकं उघडलं, स्वतःचं चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं अक्षर चष्मा वर करून वाचलं, आणि म्हणाला, ते भावाचं गाणं एकदा परत लाव.